आग्रहाचे पान

गतवर्षीच्या पितृपक्षातील गोष्ट आहे. आमच्या तीर्थरूपांना त्या पंधरवड्यात अठरा घरची आमंत्रणे होती. काही दिवशी तर एका घरचा हात धुऊन होतो न होतो तोच दुसऱ्या घरचे पान मांडलेले असे. दशमीच्या दिवशी आम्हीही त्यांच्याबरोबर पंगतीस होतो. खीर दोनदा झाली होती, वडे झाले होते. लाडू आला तेव्हा तीर्थरूपांनी पानावर आडवा हात धरला. यजमानीणबाई भाविक आणि मनाच्या मोकळ्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या पोटी गेले की आमच्या मामंजींना पोहोचले. नाही म्हणू नका." तीर्थरूपांनी हात काढून घेतला. लाडू पडला आणि तो त्यांनी खाल्ला. आम्ही शेजारीच बसलो होतो; आम्हीही काही बोललो नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, चक्कर येते म्हणून त्यांची तपासणी झाली. उपाशीपोटीची रक्तशर्करा ११८, रक्तदाब १४२ वर ९०, रक्तातील ट्रायग्लिसराइड हे स्निग्ध द्रव्य २३६, आणि ज्याला उपकारक मानतात ते एच.डी.एल. अवघे ३४. डॉक्टरांनी शेवटी शिंप्याची असते तशी टेप काढली व कमरेचा घेर मोजला. तो ९७ सेंटिमीटर भरला. तीर्थरूपांचे हातपाय काडीसारखे आहेत, त्यांना कोणी कधी लठ्ठ म्हटलेले नाही. त्यामुळे ह्या शेवटच्या मापाचे त्यांना हसूच आले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, मधुमेह अजून झालेला नाही, पण तो दाराशी येऊन बसला आहे, आणि एकटा आलेला नाही."

ह्या मंडळीला वैद्यकशास्त्र मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणते. आपण चयापचयाचा दोषसमूह म्हणू. अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन ह्या वैद्याने १९८८ साली आपल्या एका व्याख्यानात, हे सारे दोष एकाच माणसाच्या ठिकाणी वारंवार एकत्र का आढळतात, ह्याची मीमांसा केली, तेव्हापासून त्याची चर्चा विशेष वाढली. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली कसोटी सोपी आहे. कमरेचा घेर आपल्याकडील पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, रक्तदाब १३० वर ८५ किंवा अधिक, उपाशीपोटीची शर्करा १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, आणि एच.डी.एल. पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी. पाचांपैकी कोणतेही तीन जुळले की दोषसमूह आहे असे समजावे. आमच्या तीर्थरूपांचे पाचही जुळले होते. असा दोषसमूह ज्याच्या अंगी आहे त्याला मधुमेहाचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट आणि हृदयविकाराचा सुमारे दुप्पट असतो.

शाळेपुरतेच शिक्षण झालेल्या आम्हांला ह्याचे कारण समजून घ्यायला बराच वेळ लागला. जे समजले ते असे. भात, पोळी, साखर यांची पोटात द्राक्षशर्करा होते व ती रक्तात येते. तिने स्नायूंत आणि यकृतात जावे म्हणून स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा रस सुटतो. तो जणू दारोदार साद घालतो आणि दारे उघडतात. परंतु पोटातील आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंतही चरबी साठू लागली की दारे ह्या सादेला नीट ओ देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक रस सोडते. यकृताला थांबण्याची सूचना ऐकू येत नाही म्हणून ते स्वतःची शर्करा रक्तात ओतीतच राहते, आणि उरलेल्या शर्करेची चरबी करून तीही रक्तात पाठवते. वाढलेल्या इन्सुलिनामुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, त्याने रक्तदाब चढण्यास मदत होते. असे हे वर्षानुवर्षे चालते. माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. एके दिवशी स्वादुपिंड थकते, आणि आपण म्हणतो की अमक्याला अचानक मधुमेह झाला.

तीर्थरूपांनी सारे शांतपणे ऐकून घेतले व एकच शब्द उच्चारला, "प्रारब्ध." आमच्या आजोबांनाही शेवटी साखरेचाच विकार होता. इथून आमच्या मनात जो विचार सुरू झाला तो सभासद कुटुंबांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच. हा विकार प्रारब्धाचा की जिभेचा? दोष असेल तर तो कोणाच्या पदरी घालायचा?

प्रारब्धाची बाजू आम्ही हसण्यावारी नेणार नाही, कारण तिला पुण्याहून मोठा आधार मिळालेला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांची बालके यांचा अभ्यास आरंभिला. त्या बालकांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडातील साउदॅम्प्टन गावच्या बालकांचे ३.५ किलो. आपले मूल सर्वांगाने लहान भरले. परंतु त्याच्या पाठीवरच्या कातडीखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती. म्हणजे मांस कमी आणि मेद राखलेला, असे शरीर घेऊनच ते जन्मास आले. ह्याच डॉ. याज्ञिकांचे व जॉन युडकिन ह्या इंग्रज डॉक्टरांचे शेजारी शेजारी घेतलेले छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! काडीसारख्या हातापायांच्या आमच्या तीर्थरूपांची कंबर ९७ का भरली, ह्याचे उत्तर आम्हांला त्या छायाचित्राने दिले.

नवल असे की आपल्या प्राचीन वैद्यांनी हा भेद ओळखला होता. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले. एक जन्मासोबत येणारा आणि दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. चरकानेही बसण्याचे व झोपण्याचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांना प्रमेहाच्या कारणांत गणले आहे. परंतु सुश्रुत तेवढ्यावर थांबत नाही. निर्धन रोग्याने पायांत वहाणा न घालता, डोक्यावर छत्री न घेता, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालत जावे, किंवा विहीर खणावी, असा उपचार तो लिहून ठेवतो. जन्मासोबत काय आले ह्याचा निवाडा करून तो रोग्याला घरी बसवीत नाही.

आणि आजच्या विज्ञानाने ह्या चालण्याची परीक्षाही घेतली आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ माणसांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ही सारी मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसे. ज्यांना नेहमीपेक्षा निराळे काही सांगितले नव्हते, त्यांच्यातील शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज निदान अर्धा तास झपझप चालण्यास व साखर, मैदा, तेल-तूप कमी करण्यास सांगून पुनःपुन्हा आठवण दिली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. विशेष म्हणजे ह्या दुसऱ्या गटाचे वजन फारसे घटले नव्हतेच. काटा हलत नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. परंतु ज्यांना हे सांगितले होते त्यांतही शंभरांपैकी ३९ जणांना रोग झालाच, हेही लपवून चालणार नाही. तेव्हा एखाद्याला मधुमेह झाला की "जीभ आवरली नाही, भोगा आता," असे जे आपण सहज बोलून जातो, ते बोलणे आम्हांला अन्यायाचे वाटते. आणि "प्रारब्ध" म्हणून हातपाय गाळून बसणेही तितकेच अयोग्य वाटते. योगवासिष्ठात वसिष्ठांनी श्रीरामाला दैवापेक्षा पौरुषाची महती पटवून दिली आहे ती काय उगाच?

आता जिभेच्या दोषाकडे वळू. त्या दशमीच्या पानावरचा लाडू कोणी खाल्ला? तीर्थरूपांनी. पण तो त्यांनी मागितला नव्हता, उलट नाकारला होता. आपल्या समाजात आग्रह हा सद्गुण समजला जातो. जावई, व्याही, भिक्षुक यांच्या पानावर हात धरलेला असताना वाढणे म्हणजे आदरातिथ्य. आणि ज्याने "पुरे" म्हटले त्याने यजमानाचा मान राखला नाही. ह्या रूढीच्या मुळाशी एक जुनी व्यथा आहे असे आम्हांला वाटते. ज्या काळी पोटभर मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट होती, त्या काळी पाहुणा संकोचाने उपाशी उठू नये म्हणून आग्रह जन्मला असावा. तो काळ बऱ्याच घरांतून गेला, आग्रह राहिला. अन्नाची निंदा करू नये ही उपनिषदाची शिकवण आहे, आणि ती आम्हांला शिरोधार्य आहे. परंतु भूक भागल्यावर हात आडवा धरणे ही निंदा नव्हे. उलट ज्याला खरोखर नको आहे त्याच्या पोटात अन्न कोंबणे, ह्यात अन्नाचा मान कोणता राहिला, हे आम्हांला कळत नाही.

ही टीका दुसऱ्यांवर करून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. तीर्थरूप पूर्वी पायी हिंडत. स्टेशन रस्ता, बाबेन, मिंढोळा नदीकाठच्या वस्त्या, असे सकाळच्या पूजेनंतर त्यांचे चार-पाच मैल सहज होत. तीन वर्षांपूर्वी आम्ही कडोदऱ्याच्या एका कापड-कारखान्यात हिशेबाच्या कामावर लागलो आणि पहिल्या काही पगारांतून त्यांच्यासाठी हप्त्याने स्कूटर घेतली. त्यांना ती नको होती. आम्ही आग्रह केला. लोक काय म्हणतील, मुलगा मिळवता झाला तरी बाप पायीच हिंडतो! त्यांनी मान्य केले. त्यांच्या कमरेचा घेर त्यानंतरच वाढला असे आई म्हणते, आणि आईचे धोतराच्या निऱ्यांवरून काढलेले अनुमान सहसा चुकत नाही.

आईवरून आठवले. ज्या घरांत भटजीच्या पानावर तिसरा लाडू पडतो, त्याच घरांत सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले, उभ्याउभ्या खाते. पुण्याच्या त्या खेड्यांतील गर्भवती माता अतिशय कृश होत्या. त्यांच्या उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सरासरी १८ च्या आसपास होता. त्यांच्यापैकी ज्यांच्या आहारात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा येत होते, त्यांची बालके अधिक भरलेली निघाली. आमच्या दृष्टीने ह्या साऱ्या संशोधनाचा अर्थ वैद्यकापुरता राहत नाही. आज पन्नाशीच्या पुरुषाच्या पोटावर जो मेद दिसतो, त्याचा आरंभ कोणा एका तरुण स्त्रीच्या रिकाम्या पानापासून झालेला असू शकतो. आपल्या बारडोलीच्या भोवती तर हे चित्र वर्षातून सहा महिने उघड्यावर दिसते. सहकारी साखर कारखान्याच्या ऊसतोडीसाठी डांगातून, धुळे-नंदुरबारकडून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्यांच्यातील पोटुशी स्त्रियासुद्धा पहाटेपासून वाकून ऊस तोडतात, मोळ्या उचलतात. त्या काय खातात हे विचारायला आपल्यापैकी कोणी गेलेले आम्हांला ठाऊक नाही. त्या उसाची साखर आपल्या शिऱ्यात पडते आणि आपल्याला रोगी करते. त्यांच्या पोटची अशक्त मुले उद्या शहरात येऊन खुर्चीवर बसली की त्यांनाही तोच रोग गाठील, आणि तेव्हाही आपण म्हणू की यांना जीभ आवरत नाही. ह्या पातकाचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावा? आमच्या कारखान्यातील वह्यांत तरी त्याला सदर नाही.

उपवासाविषयी थोडे लिहिलेच पाहिजे, कारण पुष्कळ मंडळी "आम्ही दोन एकादश्या, संकष्टी, सोमवार करतो" असे समाधान मानतात. त्या दिवशी पानात असते काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद आणि बटाटा, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आपल्या ऋषींनी ते पाहिलेही नव्हते, मग त्यांना उपवासाला चालतात हे कोणी ठरवले, देव जाणे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खरा उपवास करावयाचा तर थोडे ताक, एखादे फळ, मूठभर शेंगदाणे इतक्यावर भागते. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये. साखर एकाएकी उतरून जीवावर बेतते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार खाणाऱ्याला जसा योग नाकारला, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही नाकारला आहे.

आमच्या घरी सहा महिन्यांत जे घडले ते सांगतो. त्यात चमत्कार काही नाही. चहातली साखर दर आठवड्यास थोडी थोडी करीत संपवली. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला सहा लहान चमचे साखर पुरे असे २०१५ साली सुचविले आहे; आमच्या घरी ती पूर्वी एकट्या चहातच सरत असे. भात एक वेळ, तोही मुठीएवढा. त्याआधी उसळ आणि भाजी. गव्हाच्या जोडीला ज्वारी आणि डांगातली नागली आली. तेल महिन्याला मोजून आणू लागलो. लोणचे-पापड सणापुरते ठेवले, रक्तदाबासाठी. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे शतपावली होते. चालणारे स्नायू इन्सुलिनाची फारशी वाट न पाहता शर्करा ओढून घेतात, म्हणून ह्या वेळेचे चालणे विशेष उपयोगी पडते. तंबाखू तीर्थरूपांना सुटता सुटत नव्हती, ती आईने अबोला धरून सोडवली. रक्तदाबाची गोळी चालू आहे व ती चालूच राहील. आजचे आकडे असे: कंबर ९३, शर्करा १०४, ट्रायग्लिसराइड १७२. पाच दोषांपैकी एकही अजून पुरता गेलेला नाही, तरी सारे मागे सरकले आहेत.

सर्वांत अवघड ठरले ते पंगतीतले "नको". एका घरी त्यांनी श्रीखंड नाकारले तेव्हा यजमान रुसले आणि पुढच्या कार्याला दुसरे गुरुजी बोलावले. दक्षिणेवर चालणाऱ्या घराला अशा रुसव्याची किंमत मोजावी लागते. हे उघड लिहिताना संकोच वाटतो, पण खरे आहे. त्या रात्री आम्हांला आपल्या गावचाच इतिहास आठवला. १९२८ साली वाढीव सारा भरणार नाही असे ह्या तालुक्याने ठरविले तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याला ते कधीच झेपले नसते. जमीन गेली असती, गुरे गेली असती. सरदार वल्लभभाईंच्या मागे साऱ्या गावांनी मिळून शपथ घेतली, म्हणून एकेकाचे "नाही" टिकले. लाडवाची तुलना साऱ्याशी करणे हास्यास्पद वाटेल, आणि थोडे आहेही. तरीपण एकट्याने म्हटलेला नकार उद्धटपणा ठरतो आणि सर्वांनी मिळून म्हटलेला नकार रीत ठरतो, हे दोन्हीकडे सारखेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही सुमारे १० कोटी आहेत आणि उंबरठ्यावरचे सुमारे साडेतेरा कोटी. इतक्या जणांनी एकेकट्याने पानावर हात आडवा धरून कसे भागणार?

म्हणून आम्ही व्यवस्थापक मंडळींपुढे एक सूचना ठेवली होती, आणि तीर्थरूपांनी ती उचलून धरली. सत्यनारायणाच्या नैवेद्याचे सव्वाचे माप आहे तसेच राहील. त्यात एक कणही उणा करावयाचा नाही. पण वाटताना द्रोण भरून नव्हे, तळहातावर एक चमचा. प्रसादाचे पुण्य वजनावर असते तर गरिबाच्या खडीसाखरेला काही अर्थच उरला नसता. महाप्रसादाच्या पंगतीत एक गोड पदार्थ, सोबत मुगाची उसळ व पालेभाजी. हात आडवा धरणाऱ्याला वाढप्याने पुन्हा विचारू नये. आणि ज्या घरी सून किंवा लेक गर्भार आहे तिचे पान पहिल्या पंगतीत. उरलेला शिधा ऊसतोडीच्या तळावर न्यावा, ह्यावर मात्र मतभेद झाला. तो विषय पुढील बैठकीत यावयाचा आहे. एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले की शिरा कमी केला तर माणसे येतील काय. तीर्थरूप म्हणाले, "दोन पौर्णिमा पाहू."

त्याच बैठकीनंतर कोणीतरी टेप आणली आणि उपस्थितांची कंबर मोजण्याची टूम निघाली. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावयाचे असते. निम्म्या मंडळींनी ओढलेच. आमच्या वेळी आम्हीही ओढले होते, तेव्हा तीर्थरूपांनी पाठीवर थाप मारून ते सोडायला लावले. घेर ८८ भरला. वय पंचविशीच्या आत. तीर्थरूप हल्ली काकडआरतीनंतर पुन्हा पायीच निघतात. स्कूटर आम्ही वापरतो.